गायरानातला गाता लिंब

धामणगाव बढे गावापलीकडच्या गायरानात दर गुरुवारी शे-दोनशे माणूस लोटायचं. एका हातानं कडुलिंबाचं खोड धरायचं, दुसरा हात पायथ्याच्या तांब्याच्या पत्र्यावर टेकायचा, की झाड गुणगुणू लागे. पुण्यवानासाठी गाणार, पाप्यासाठी मुकं राहणार, असं उकंडरावांनी सांगून ठेवलेलं. हे महाराज दोन वर्षांपूर्वी फाट्यावर पंक्चर काढत. आता टायर सोडून लोकांचं नशीब फुगवायला बसले होते.

लिंबाभोवती चुन्याचं रिंगण होतं आणि आत तीन दिवसांपासून रुखमाबाई बसली होती. तिच्या हाताला झाड बोललं नाही, तेव्हा गायरानातली रोपं तिच्याच पापानं वाळली, असा निकाल झाला होता. झाड बोलेपर्यंत रिंगणाबाहेर पाऊल टाकायचं नाही. नवरा कडूबा रेघेपलीकडं मान घालून उभा. हिला घरी नेलं तर गाव वाळीत टाकील, ही त्याची धास्ती.

खरं तर ती चारशे रोपं बायकांना सोबत घेऊन तिनंच लावलेली. लिंबाचा खेळही देवाचा नव्हता. अनुपमा नावाच्या चित्रकार बाईंनी तो बसवला होता. झाडाला हात लावा, गाणं ऐका आणि एका रोपाला तांब्याभर पाणी घाला, एवढीच त्यांची अट. बाई नागपूरला परतल्या. उकंडरावांनी त्यांनी झाडाखाली बसवलेल्या पेटीवर ओटा बांधला, शेंदूर फासला, आणि रोपांचं पाणी अभिषेकाला जाऊ लागलं. रुखमाबाईनं त्याचा जाब विचारला होता.

पण आता तिचं तिलाच खरं वाटेना. बाई होत्या तेव्हा रोपांना पाणी घालून आली की लिंब तिच्याही हाताला गायचा. आता गात नाही, म्हणजे आपल्यातच काही खोट असेल. हे मनातलं रिंगण चुन्याच्या रिंगणाहून वाईट होतं.

तिसऱ्या दुपारी, गुरुवारच्या गर्दीत, कडूबानं पाण्याचा तांब्या आत सरकवला. तिनं तोंडावर पाणी मारलं आणि उठताना पत्र्यावर एक हात टेकून दुसऱ्यानं खोड धरलं. लिंब गुणगुणला.

गर्दी हलली. उकंडराव सावध गडी. पाप फिटलं, माय, आता घरी जा, असं ते लगेच म्हणाले. कडूबाचा चेहरा उजळला. रुखमाबाई रेघेपर्यंत गेली आणि आपल्या ओल्या तळहाताकडं बघत थांबली. महाराज आवडत्या भक्ताच्या हातावर आधी तीर्थ घालत. तिच्या हातावर मात्र तिन्ही दिवस अंगारा चोळला होता.

ती माघारी फिरली. पदरानं हात कोरडे केले, अंगारा चोळला, झाड धरलं. मुकं. हात तांब्यात बुडवून पुन्हा धरलं. लिंब गायला.

"महाराज, पाण्यानं पुण्य येते अन् राखेनं पाप येते, असं काऊन?" तिनं विचारलं. "आता तुमीच हात लावा. आंगारा मी देतो."

उकंडरावांनी हात उपरण्यात घेतले. देवाची इच्छा, कलियुग, असं काहीबाही पुटपुटले.

तेवढ्यात कडूबानं चुन्याची रेघ ओलांडली.

"मले दे," तो म्हणाला.

राखेच्या हाताला झाड गप्प, ओल्या हाताला बोलकं. मग लोकांनीच ओटा फोडला. आत पेटी, वायर आणि भोंगा. ओल्या हातातून बारीकशी वीज जाते आणि पेटी वाजते. कोरडी राख तिला अडवते. महाराजांची सिद्धी ती एवढीच.

रुखमाबाईनं तीर्थाची घागर उचलली आणि जी रोपं अजून हिरवी होती त्यांच्याकडं निघाली. झाडाला पाप कळत नाही, तहान कळते. म्हणून बाबांनो, चमत्कार दिसला तर हात जोडण्याआधी ते एकदा पुसून बघा.