नव्या पडद्याच्या उंबऱ्यावर

मी समृद्धीची जुनी मशीन बोलतेय, तिचा संगणक. धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीच्या घरात आले त्या दिवशी मी एक नवस बोलले होते. धाराशिवहून तिच्या आईच्या, मथुराबाईंच्या मांडीवर, चादरीत गुंडाळून, एसटीनं आले. पण पडदा काही उजळेना. मथुराबाईंनी लगेच येरमाळ्याच्या येडाई देवीला हात जोडले, "आई, लेकीची मशीन चालू दे, पाच मंगळवार धरते." मीही मनात म्हटलं, उजळले तर या पोरीच्या कामात कधी अंधार करणार नाही. आणि उजळले.

समृद्धीचं काम जरा वेगळं. लिनक्स ही संगणक चालवणारी प्रणाली जगभरची माणसं मिळून घडवतात. त्यातला एकेक प्रोग्राम साऱ्यांच्या मशीनवर नीट बसेल असा बांधून द्यायचा, हे तिच्याकडं. त्याला ती पॅकेज म्हणते.

"म्हंजे शिदोरीच की," मथुराबाई म्हणाल्या. "भाकरीसंगं चटणी बांधायला इसरू नको म्हंजे झालं."

मग पडद्यावर चित्र उमटवणारं नवं सॉफ्टवेअर आलं. तिनं ते बांधलं, माझ्यावर बसवलं, मला पुन्हा सुरू केलं. पंखा फिरला, दिवा लागला, पडदा मात्र काळाच. माझ्यासारख्यांच्या जुन्या, चित्र उमटवणाऱ्या ग्राफिक्स चिपसाठी असलेला भाग ते सॉफ्टवेअर घडवणाऱ्यांनी काढूनच टाकला होता. माझा नवस तिथंच मोडला.

समृद्धीनं मोबाईलवरून माझ्यात शिरून जुनं परत बसवलं. मग तो काढलेला भाग नव्याला पुन्हा जोडून पाहिला. कधी चित्र फाटायचं, कधी अक्षरं भिजल्यागत पसरायची.

धाराशिवचा रणधीर हेच काम करणारा. फोनवर म्हणाला, "सोड गं. असल्या म्हाताऱ्या उरल्यात किती?"

"नागूमावशीच्या शिवणवर्गात साऱ्या असल्याच हायत. मीच लिनक्स घालून दिलंय. नवं आपोआप येतं त्यांच्याकडं. सकाळी बाया येतील अन् पडद्यावर बघून शिवायची नक्षीच दिसणार न्हाय."

"मग नव्या घ्या म्हणावं."

"तुझ्या लग्नात आहेर म्हणून वाट तू."

मथुराबाई देवीचा निवद रांधत होत्या. "किती तपासतीस? निवद चाखत नसतेत. नाव घे अन् पाठव."

"आई, मीठ कमीजास्त झालं तर देवी पोटात घालंल. हे न चाखता पाठवलं तर लोकांचे पडदे जातील."

मथुराबाईंनी पळी खाली ठेवली. "मग चाख बाई."

शेवटी तो भाग काही जमला नाही. तिनं पॅकेजला बसण्याआधी चिप बघणारी एक तपासणी जोडली नि ती माझ्यावरच करून पाहिली. नवं सॉफ्टवेअर आत शिरता शिरता थांबलं. मथुराबाईंनी अक्षरं लावत वाचलं, "या मशीनची चिप जुनी आहे. पडदा दिसणार नाही. जुनंच राहू द्या."

"म्हंजे हिच्यासाठी नवं काहीच न्हाय?"

"न्हाय आई. हिला न्हाय वाचवता आलं मला." समृद्धीनं पदरानं नाही, तळहातानंच डोळे पुसले नि पॅकेज पाठवून दिलं.

आता माझ्या जुन्या सॉफ्टवेअरची डागडुजी कुणी करत नाही. बाहेरच्यानं शिरावं असं भोक पडलं तर पडलं. म्हणून इंटरनेटची वायर काढून ठेवलीय. मथुराबाई रोज फडकं मारतात, कुणी चालू करत नाही. कशासाठी उरले, मला कळत नाही. शिवणवर्गातल्या माझ्या बहिणींचंही एक दिवस हेच होणार.

पण त्या दिवशी तिथं अंधार पडला नाही. पडद्यावरची ती पाटी वाचून नागूमावशीनं बायांचं काम जुन्या सॉफ्टवेअरवरच चालू ठेवलं. नक्षी अजून दिसते. म्हणून एवढंच मागते. नवं काही बांधत असाल, तर समृद्धीसारखं करा. जवळची सगळ्यात जुनी मशीन काढा, तिच्यावर लावून बघा. जमत नसेल तर नाही जमत, पण तिला तसं आधी सांगा.