दिलेल्या तारखेला

शिंप्यावर आरोप होता सुटाचं कापड चोरल्याचा. कापड त्याच्या दुकानात फळीवर घडीसकट पडून होतं. ग्राहकाला दोन महिने सूट मिळाला नाही, एवढंच. पण उशीर लावण्याला कलम नसतं, चोरीला असतं. चोरी सिद्ध झाली असती तर, वकिलाच्या अंदाजाने, तो तीन महिन्यांत सुटला असता. काहीच सिद्ध न झाल्यामुळे तुरुंगात पाचवा महिना चालू होता.

जामीन कधीच मंजूर झाला होता. अडलं होतं जामीनदारापाशी. नावावर घर असलेला माणूस हवा, आणि शिंप्याच्या गोतावळ्यात असा एकच होता: बायकोचा भाऊ. आज तो घराचे कागद काखेत मारून आला, तेव्हा शिंप्याला भरून आलं.

न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "हे तुमचे कोण?"

"दाजी."

"दिलेल्या तारखेला हे हजर राहतील, याची हमी घेता?"

नुसतं 'हो' म्हणायचं होतं. मेहुणा विचारात पडला.

"तारखेला? मॅडम, माझ्या लग्नाचा कोट यांनीच शिवला. बारशाला मिळाला."

कोर्ट हसलं. टायपिस्ट न हसता म्हणाला, "माझी पँट अजून यांच्याकडेच आहे."

"अरे बाबा, शिवण वेगळं, कोर्ट वेगळं!" शिंपी कळवळला.

"दाजी, तुमच्यासाठी जीव देईन. पण घर?"

शिंप्याने हात जोडले. "मॅडम, आजवर सात तारखा झाल्या. सातही वेळा मी वेळेवर हजर."

"पोलिसांनी आणलं म्हणून."

"हो. पण त्यांतल्या चार वेळा तुम्हीच नव्हता."

बाईंनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला. मग म्हणाल्या, "दुसरा जामीनदार आणा," आणि पुढच्या महिन्याची तारीख दिली.

शिपाई शिंप्याला दंडाला धरून बाहेर घेऊन निघाला. मेहुणा कागद छातीशी धरून मागोमाग धावत आला.

"दाजी, रागावू नका. मला खोटं बोलताच येत नाही हो!"

"माहीत आहे. माझ्यासाठी शिकशील असं वाटलं होतं."

मेहुण्याचे डोळे भरले. पाय मात्र घराच्या दिशेला वळलेले होते.

"ताईने आंघोळीला पाणी तापवून ठेवलंय. तिला काय सांगू?"

शिंपी पोलिसांच्या गाडीच्या पायरीवर थांबला.

"काही सांगू नको," तो म्हणाला. "तूच कर आंघोळ."