ठेवून घेतलेलं हँडल

जुन्या जीपचं वेड कधी लागलं, हे माणिकप्पाला स्वतःलाही सांगता आलं नसतं. हयात गेली परांड्याकडच्या वाशीत ट्रॅक्टर दुरुस्त करण्यात, पण जीव अडकलेला भंगारातल्या एका जीपमध्ये. तिचं टप त्यानं कापलं, बॉनेट लांबवलं, रुंद टायर घातले, आत दांडगं इंजिन बसवलं आणि वरून लालभडक रंग मारला. बायको सत्यभामा म्हणायची, ही माझी सवत. आणि त्या सवतीपाशी दिवसातून दोनदा चहा आणून द्यायचीही तीच.

सत्यभामा गेली. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलानं, कुलदीपनं, त्या जीपचा व्हिडिओ मोबाइलवर टाकला आणि गिऱ्हाइकं विचारत आली. साठीला टेकलेल्या माणिकप्पानं गावाबाहेर पत्र्याचं शेड मारलं. हौसेचा धंदा झाला. लोक म्हणाले, नशीब काढलं गड्यानं.

काढलं खरं. पण गाडी तयार होईपर्यंत गिऱ्हाईक हेलपाटे घालायचं, बसायचं, घरचे चार शब्द बोलायचं. गाडी नेली की पुन्हा तोंड दाखवायचं नाही. कशाला दाखवेल? माणिकप्पाच्या हातची गाडी बिघडतच नव्हती. दुसरे मिस्त्री एखादा नट ढिला ठेवून माणसं बांधून ठेवतात. ह्याच्या हाताला ते वळण नव्हतं. मग आठवडेच्या आठवडे शेडात हा एकटा आणि उन्हानं तडतडणारा पत्रा.

सोनारीच्या शिवराजनं जीप करायला टाकली, तेव्हा त्याच्याबरोबर त्याचे आजोबा हरिबा यायला लागले. शिवराज बाजारातली कामं उरकायला जायचा आणि म्हातारा जुन्या टायरवर बूड टेकून बसायचा. सारा जन्म मेंढरांमागं गेलेला. कुठल्या रानात मेंढरांभोवती वाघरीचं जाळं लावलं, कुठं लांडगा आला, हे सांगता सांगता तो मध्येच गप्प व्हायचा, आणि त्या गप्प बसण्याचंही माणिकप्पाला ओझं वाटत नसे. एकदा पाना फिरवता फिरवता माणिकप्पा सत्यभामेच्या शेवटच्या दुखण्याबद्दल बोलून गेला. पोटच्या पोराशीही तो हे बोलला नव्हता. हरिबांनी नुसती मान हलवली. त्या दिवशी माणिकप्पाला पोटभर जेवण गेलं.

शिवराजची एकच हौस होती. गाडीला सेल्फ होताच, पण गावच्या यात्रेत चारचौघांसमोर पुढून हँडल घालून, गरागरा फिरवूनच ती सुरू करायची. माणिकप्पानं मुद्दाम जुनं, जड हँडल शोधून घासूनपुसून लख्ख केलं. गाडी न्यायच्या दिवशी चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फुटला, पेढे झाले. हँडल मात्र त्यानं सीटखाली ठेवलं नाही, पोत्यात गुंडाळून कोपऱ्यात सारलं. जन्मात पहिल्यांदा त्यानं कामात खोट ठेवली. हँडल न्यायला येतील, म्हातारा बरोबर असेलच.

मग तो वाट बघत बसला. रस्त्याला गाडीचा आवाज आला की हातातलं काम थांबायचं. यात्रा तोंडावर आली तेव्हा फोन वाजला. पलीकडं हरिबा होते.

"माणिकप्पा, पोरगं हँडल न्यायला निघालं हुतं. म्याच आडवलं. आमी बैल इकला तर दावं देत न्हाय, दावं मालकाच्या घरी ऱ्हातं. दिलं तर गोठ्याची बरकत जाती. तुमी हँडल ठिवून घेतलं तवाच म्या वळखलं, हा मानूस आमच्यातलाच हाय. शिवराजला परांड्यात दुसरं करून घ्याया लावलं. ते तुमचंच ऱ्हाऊ द्या."

तसं न्हाय वो, म्हणावं, असं माणिकप्पाच्या मनात आलं. पण म्हातारा इतक्या मानानं बोलत होता की ते मोडवेना.

"व्हय," तो म्हणाला, "तसंच हाय." आणि मग राहवेना म्हणून त्यानं विचारलं, "गाडी काय तरास देती का?"

"छ्या. लई झ्याक केलीय. तुमच्याकडं यायचं कामच ठिवलं न्हाय तुमी."

काम नसलं तरी या, एवढंच म्हणायचं होतं. पण साठ वर्षांत त्यानं कुणालाच असं बोलावलं नव्हतं.

"बरं झालं," माणिकप्पा म्हणाला.