सैल बाही

शिंप्याला मेहुणीची उजवी बाही डावीपेक्षा रुंद शिवावी लागे. स्तनाच्या कॅन्सरमध्ये तिच्या काखेतल्या लसिकाग्रंथी, म्हणजे गाठी, काढल्या होत्या. आजार गेला, हात मात्र कायमचा सुजला. बायको वारल्यापासून शिंप्याच्या घराची पायरी तिच्याशिवाय कुणी चढत नव्हतं. आणि ती आली की एकच पालुपद.

"भाऊजी, माझ्या गाठी काढल्या म्हणून मी तुमच्यासमोर बसलेय. ताईच्या मांडीतला ट्यूमर काढला, मग जांघेतल्या गाठी का ठेवल्या? डॉक्टरनं अंग चोरलं आणि तुम्ही नंदीबैलासारखी मान डोलावलीत!"

बोलणं जिव्हारी लागे. तरी कुणीतरी बोलतंय, एवढ्यावर तो ऐकून घेई. शेवटी मात्र राहवेना. दुकानाला कुलूप घालून तो बायकोचं ऑपरेशन केलेल्या सर्जनसमोर जाऊन बसला.

"खरं सांगा डॉक्टर. त्या गाठी काढल्या असत्या तर ती वाचली असती?"

"नसती." सर्जनने खुर्ची जवळ ओढली. "स्तनाचा कॅन्सर बहुधा आधी काखेतल्या गाठींत जातो. तुमच्या बायकोला झाला तो सार्कोमा, म्हणजे स्नायू-चरबीतला कॅन्सर. त्याचं तसं नाही. तो बहुतेकदा रक्तातून फुप्फुसात जातो. काही मोजके प्रकार गाठींत शिरतात, तेव्हा आम्ही एखादी काढून बघतो. त्यांचा प्रकार तो नव्हता. तरी स्कॅनमध्ये एक गाठ मोठी दिसली, म्हणून सुई घालून तपासली. काही निघालं नाही."

"खबरदारी म्हणून सगळ्या काढायच्या होत्या."

"पाय सुजला असता. फुप्फुसातला आजार थांबला नसता."

घरी येऊन तो दोन मशीनींकडे बघत राहिला. दुसरी बायकोची. खोकला बळावेपर्यंत ती ऑपरेशन झालेल्या त्याच पायाने मशीनचा पायटा मारत होती. "तुमची टीप अजून वाकडीच," म्हणून हसत होती.

आता मेहुणीला सांगायचं की नाही? भांडायचं कारण संपलं, तर ती येणार कशाला?

ती आली. त्याने सगळं सांगितलं. तिने आपला सुजलेला हात मांडीवर घेतला.

"म्हणजे कुणाचीच चूक नाही?"

"नाही."

"मग मी रागवू कुणावर?"

"माझ्यावर रागाव. मला सवय आहे."

तिला हसू आलं नाही. ती उठली, चपला घालू लागली.

"तुझ्या बाहीचं माप घ्यायचं राहिलंय," तो म्हणाला.

"हात आहे तेवढाच आहे, भाऊजी."

"तरी ये."

तिने मान हलवली. हो म्हणाली की नाही, ते दारातल्या अंधारात त्याला कळलं नाही.