समुद्र बघून झालेला आहे

माझा स्वभाव तापट आहे हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं ते बरंचसं त्याच्यामुळेच झालं. मी पोलादपूरची. कुडपणच्या अलीकडे डोंगरावर एक वाडी आहे, तिथल्या शाळेत शिकवते. शाळा चौथीपर्यंत, मुलं अकरा, शिक्षिका एक. मुख्याध्यापिका मीच, कारकून मीच, आणि घंटाही मीच बडवते.

या अकरांपैकी एकानेही समुद्र पाहिलेला नव्हता. जिल्हा रायगड! 'आपल्या जिल्ह्याला समुद्रकिनारा लाभला आहे' हे वाक्य आमची मुलं घडाघडा म्हणायची, आणि म्हणताना खिडकीतून समोरच्या डोंगराकडे बघायची. अक्षदा पहिलीत होती तेव्हा तिने मला विचारलं होतं, "बाई, लाभलाय तर आमाला कदी दाखवनार?" मी म्हणाले, "तू चौथीत गेलीस की नक्की." आता ती चौथीत होती. जूनमध्ये ती खाली पोलादपूरला शिकायला जाणार आणि माझा शब्द इथेच पडून राहणार. पोरीने एवढ्या वर्षांत एकदाही आठवण करून दिली नाही. दिली असती तर मी रागावून मोकळी झाले असते. ती गप्प राहायची म्हणूनच मला जास्त टोचायचं.

दिवाळीत वाडीच्या मुंबई मंडळाने शाळेला मोठा टीव्ही भेट दिला. मंडळाचा सेक्रेटरी मंगेश, म्हणजे अक्षदाचाच बाप, तो स्वतः खांद्यावर घेऊन वर आला. मी लगेच कामाला लागले. तासभराची समुद्राची सहल मांडली: लाटा, होड्या, मासे, पाण्याखालची झाडं, सगळं. मुलांबरोबर आयाबायाही आल्या, पुरुषमाणसं खिडकीत उभी राहिली. एक लाट सरळ अंगावर आली तेव्हा पहिल्या रांगेतली चार पोरं मागे सरकली. फार मजा आली.

खरी मजा त्यानंतर. मुलांनी प्रश्नांचा भडिमार केला. वास कसा येतो? आपल्या ओढ्याचं पाणी यातलं कुठलं? रात्री लाटा थांबतात का? अक्षदाने विचारलं, "बाई, पानी पुडं येतं म्हंता, पन कवा येतं? दिसलं नाय येताना." मी उत्तर दिलं, चंद्र काढला, पृथ्वी काढली, फळा भरला. तिने मान हलवली. पटलं नाही की ती अशीच मान हलवते.

पण मी खूश होते. भूक लागलीय, आता पानावर बसवायचं! वरची परवानगी काढली, मिनीबस ठरवली, पालकांना संमतिपत्रं वाटली.

आठ दिवस झाले, एकही परत आलं नाही.

आमच्याकडे कागद एकेकट्याने परत येत नाही. आधी गावकी बसते, मुंबईकरांना फोन लागतो, आणि मग सह्या होतात त्या सगळ्यांच्या, नाहीतर कुणाच्याच नाही. गावकीचे प्रमुख सहदेवबाबा, अक्षदाचे आजोबा. रविवारी देवळापुढे बैठक बसली. मोबाईल तांब्याला टेकवून ठेवलेला आणि त्यात मंगेश आणि मंडळाची आणखी चार डोकी.

सहदेवबाबा म्हणाले, "बाई, तुमी चांगलं काम केलंत. पोरांनी समुद्र बगितला, आमी पन बगितला. आता परत कशाला बगायचा?"

"बाबा, तो टीव्हीवर बघितला."

"यवडा मोठा दाखवलात! मासंसुदा दिसलं. तिकडं गेल्यावर मासं दिसतील काय पान्याखालचं?"

त्या दिवशी शाळेच्या खिडकीतून टीव्ही बघितलेली सगळी मंडळी माना डोलवत होती. फोनमधून मंगेश म्हणाला, "मॅडम, त्यासाठीच तर टीव्ही दिला ना मंडळाने. खालीफुकट घाट कशाला उतरायचा पोरांना घेऊन?"

म्हणजे माझी खरी सहल माझ्याच टीव्हीने बुडवली होती! देवळाच्या खांबाला टेकून अक्षदा उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि मग खाली बघितलं. झालं, माझं डोकं फिरलं.

"बरोबर आहे तुमचं," मी म्हणाले. "मग या शिमग्याला मुंबईकरांनी गावाला यायची गरज नाही. रजा नको, गाडीत चेंगरायला नको. मी इथून मोबाईलवर पालखी दाखवते. घरी बसा, हात जोडा, पालखी बघून झाली!"

आमच्याकडे शिमग्याला पालखी नाचवायला मुंबईतून माणूस नोकरीवर पाणी सोडून येतो. आता आपल्याला हाकलतात असं मला वाटलं.

पहिला आवाज फोनमधूनच आला. "ओ मॅडम, असं कसं चालेल? खांदा दिल्याबिगर शिमगा झाला काय? मोबाईलमधी बघून तो फील कुठनं येनार?" मंगेश इतका तावातावाने बोलला की तांब्या कलंडला आणि मंडळ आडवं झालं.

सहदेवबाबांनी मोबाईल उचलला, त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. आणि हसायला लागले. "मंग्या, गप रं. बाईंनी आपल्याला धरला."

अकराच्या अकरा सह्या झाल्या. फक्त माझी तारीख मोडीत निघाली, कारण त्या शनिवारी अमावास्या होती. "अवसेला पोरं घेऊन घाट उतरायचा नाय," बाबांनी पंचांग मिटलं. "फुडल्या शनवारी जावा. दिवस चांगला हाय. मी येतो संगं." मी हो म्हटलं. सह्या हातात असताना वाद घालायला मी काही अगदीच वेडी नाही.

तर पुढच्या शनिवारी पहाटे निघालो. महाडपर्यंत दोन मुलांना उलट्या झाल्या, पुढे सगळी गाणी संपली. साडेअकराला सावित्री नदीच्या मुखाजवळच्या एका गावात उतरलो. मुलं ओरडत वाळूकडे धावली आणि एकदम थांबली.

समुद्र नव्हता. म्हणजे होता, पण लांब मागे. मध्ये नुसता काळा, ओला चिखल, आणि त्यात पाच होड्या एका कुशीवर आडव्या पडलेल्या.

"बाई, फुटला काय?" एकाने विचारलं. दुसरा म्हणाला, "टीवीवरचा बरा व्हता."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर्गात चंद्र काढला, पृथ्वी काढली, आणि निघताना भरतीची वेळ बघायचं सुचलं नाही! डोंगरातलं माणूस ना मी. पाऊस कधी येणार ते ढग बघून सांगेन, पण पाणी ठरल्या वेळी ये-जा करतं हे मला फक्त पुस्तकापुरतं माहीत.

तिथे आवडी नावाची कोळीण जाळं सोडवत बसली होती. तिने आम्हाला चिखलात जाऊ दिलं नाही. "पाय रुतंल. सुकती हाय आता, पानी मागं गेलंय. इल आपोआप. पन आज का आलाव? गेल्या शनवारी अवस व्हती, भर दुपारी पानी हितं तुमच्या पायाशी असतं."

मी सहदेवबाबांकडे बघितलंच नाही. मोठ्या कष्टाने नाही बघितलं. पण बाबाच म्हणाले, "आमीच बदलला दिस." आणि आवडी इतकी मोठ्याने हसली की तिच्याबरोबर बाबांनाही हसावं लागलं.

डबे उघडले. नाचणीची भाकरी, चटणी, आवडी कोळणीने दिलेले दोन सुके बांगडे. खाता खाता अक्षदा उठली.

"बाई, ती लांबची होडी हालली."

कुणाला खरं वाटेना. सगळ्यात लांबची, आडवी पडलेली होडी थरथरली, पुन्हा पडली, मग हळूहळू, कुणी हात न लावता, सरळ उभी राहिली. मुलांच्या हातातली भाकरी हातातच राहिली.

मग कुणी जागचं हलेना. दुसरी होडी उठायला पाऊण तास लागला. तेवढ्यात मुलांनी पाहिलं की पाणी सरळ रांगेने येत नाही, आधी चिखलातल्या चरांमधून शिरतं आणि मग दोन्ही अंगांनी पसरतं. तिसरीतल्या राहुलने सांगितलं, "पाटाचं पानी शेतात शिरतं तसंच!" खेकडे बिळात शिरले, बगळे मागे सरकले. तिसरी होडी उठली. मी एक अक्षरही शिकवलं नाही. शिकवण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

तीनला ड्रायव्हर आला. "चला बाई, अंधार व्हायच्या आत घाट चढायचा हाय." त्याचं बरोबर होतं, आणि परवानगीच्या अर्जात मीही तसंच लिहून दिलं होतं. चौथी होडी डुलत होती. पाचवी, सगळ्यात जवळची, अजून चिखलात पडलेली. अक्षदाने माझ्याकडे बघितलं. या वेळी तिने खाली बघितलं नाही.

मी तोंड उघडायच्या आत सहदेवबाबा ड्रायव्हरला म्हणाले, "थांब रं जरा. वीस वर्सं मुंबैला काडली मी. समुद्र रोज लांबनं दिसायचा. पन येताना कदी बगितला नाय."

ड्रायव्हर कुरकुरत आवडीशेजारी बसला. अर्ध्या तासाने पाचवी होडी हलली, एकदा, दोनदा, आणि उठली. मुलांनी असा गलका केला की किनाऱ्यावरची कुत्री भुंकायला लागली. पाणी वाळूवर चढलं, अक्षदाच्या पायांपर्यंत आलं, बोटांवरून गेलं. तिने पाय काढला नाही.

"बाई," ती म्हणाली, "टीवीवरचा समुद्र आलेलाच असायचा. ह्यो आत्ता आला."

मला रडू आलं. अकरा मुलांसमोर, ड्रायव्हरसमोर, गावकीच्या प्रमुखासमोर मी उभी राहून रडले, आणि मला जराही लाज वाटली नाही. सहदेवबाबांनी धोतराचा सोगा वर खोचला, चपला काढल्या आणि नातीच्या शेजारी पाण्यात जाऊन उभे राहिले.