महाराजांचा पंप

हॉलच्या दाराशी चपलांचा ढीग पायरीवरून घसरून रस्त्यावर आला होता, तरी माणसं आत शिरतच होती. उद्यमनगरच्या मागच्या अंगाचा हा एरवी लग्नाचा हॉल. रविवारी सकाळी मात्र श्वासनाथ महाराजांचा. पुढं गादी, गादीपुढं माइक, माइकपुढं तांब्याची परात, दोन बाजूंना माणसाएवढे स्पीकर.

"मी कोण?" महाराज गरजले. "मी अडथळा. मी बोलतो म्हणून तुम्हाला ते ऐकू येत नाहीत. मी गप्प बसलो की बोलतील. कोण बोलतील?"

"आमची माणसं," हॉल म्हणाला.

"कशानं?"

"श्वासानं."

"देह जळतो. श्वास जळतो का? ओ फौंड्रीवाले, तुम्ही सांगा."

पुढच्या रांगेत बसलेले फौंड्रीवाले गणपतराव हात जोडून म्हणाले, "हवा फुकली तरच भट्टी पेटती, महाराज."

"बघा. फौंड्रीवाल्याला कळतं ते डॉक्टरला कळत नाही."

हॉल हसला. महाराजांनी डोळे मिटले आणि ते गप्प झाले.

आधी काहीच नाही. मग स्पीकरच्या तळातून काहीतरी वर येऊ लागलं. सुरुवातीला वाऱ्यासारखं, मग कुणीतरी छातीतून ओढून काढल्यासारखं. सूंऽ आत. सूंऽ बाहेर. प्रत्येक श्वासाच्या शेवटी बारीक शिट्टी.

माइकच्या अगदी जवळ बसलेल्या विजयमालाच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी येत होतं. तिचा नवरा श्रीपाल दम्याचा पेशंट होता. गेल्या वर्षी वारला. त्याच्या छातीत अशीच शिट्टी वाजायची.

थांबा. गोष्ट इथं अडवतो, कारण तुम्हालाही तेच वाटलं असणार जे मला वाटलं: टेप लावलीय.

विजयमालाचं भांड्यांचं दुकान शाहूपुरीत माझ्या दुकानाला लागून आहे. दर रविवारी तिला आणि तिच्या सहावीतल्या लेकीला, आदितीला मीच गाडीतून हॉलवर सोडायचो, आणि मागं भिंतीला टेकून उभा राहायचो. टेप म्हणून मी कान लावून ऐकलं. श्वास चालू असताना बाहेर रिक्षाचा हॉर्न वाजला, आणि त्याच क्षणी तो स्पीकरमधूनही वाजला. आज कोणती रिक्षा कधी जाईल हे कालच्या टेपला कसं कळणार? म्हणजे टेप नव्हे. संशय गेला नाही. त्याला बसायला जागा मिळेना, एवढंच.

मग मी माणसांकडे संशयानं बघू लागलो. महाराजांचे ओठ बघितले, मिटलेले. कोपऱ्यात भगव्या कापडाखाली आवाजाची यंत्रं होती, तिथं बसणारा उदयसिंह. तो तर श्वास सुरू झाला की हात बांधून बसे. कुणीच काही करत नव्हतं. हीच गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकत होती.

आणि एक नियम. ज्या घरचं माणूस बोलणार, त्या घरानं माइकजवळ बसायचं.

आता पंप.

इन्हेलरला आपल्याकडे पंपच म्हणतात. वडिलांसारखाच आदितीलाही दमा, त्यामुळं पंप तिच्या दप्तरात कायम असे. एका रविवारी महाराजांनी तो तिच्या हातात पाहिला.

"पंपाचा श्वास उसना," ते माइकवरून म्हणाले. "वडिलांचा श्वास सख्खा. एका छातीत दोन्ही नांदत नाहीत, बाळ."

पंप परातीत गेला. पुढच्या रविवारी श्रीपालचा श्वास अधिक स्पष्ट आला. त्याच्या पुढच्या रविवारी त्याहून.

"बघा की भावजी," गाडीत बसताना विजयमाला मला म्हणाली, "आधी लांबनं यायचा. आता शेजारी बसल्यागत येतोय."

मागच्या सीटवर आदिती खिडकीला डोकं लावून बसली होती. बोलत नव्हती. बोलायला हवा लागते.

शिफा बागवान आदितीला शाळेत विज्ञान शिकवते. शाळेच्या संमेलनाचे माइक, स्पीकर, वायरी हेही तिच्याच ताब्यात. दुसऱ्या कुणी हात लावलेला तिला चालत नाही. एका दुपारी ती विजयमालाच्या दुकानात आली, तेव्हा मी तिथंच होतो. मी चहा सांगितला, तो तिनं घेतला नाही.

"आदिती जिन्यात मध्येच बसते. पंप कुठाय तिचा?"

"महाराजांकडं हाय," विजयमाला म्हणाली.

"महाराजांना दमा आहे?"

"चेष्टा करू नका मॅडम. मी बीकॉम झालोय. पैल्या दिवशी मीबी हसलोच की. पण त्या श्वासाशेजारी मी इतकी वर्सं झोपलोय. मला वळखू येणार न्हाय व्हय?"

शिफानं मग जे विचारलं त्यात देव, भूत काहीच नव्हतं. "महाराज गप्प झाले की श्वास लगेच येतो?"

"न्हाय. हळूहळू वर येतोय."

"आणि बोलायला लागले की?"

"जातोय. जित्या माणसापुढं ते मागं सरत्यात, असं महाराज म्हणत्यात."

"श्वास येतो तेव्हा पंख्यांचा आवाजही वाढतो का?"

विजयमालानं माझ्याकडं बघितलं. "वाढतो," मी म्हणालो. "एकदा तर स्पीकर असा किंचाळला की पोरं रडायला लागली. महाराज म्हणाले, आकाशनाद. पुण्यवंतालाच सोसतो."

"कानांना सोसत नाही तो," शिफा म्हणाली. "तिथं कॉम्प्रेसर आहे."

हेच तिनं पालकांच्या ग्रुपवरही टाकलं: हा चमत्कार नाही, कॉम्प्रेसर आहे, कुणीतरी जाऊन बघा.

आणि घोटाळा झाला, कारण हे कोल्हापूर आहे. इथं कॉम्प्रेसर म्हणजे काय हे शेंबड्या पोरालाही माहीत. पंक्चरच्या दुकानात असतो, फौंड्रीत असतो. लोखंडी टाकी, पट्टा, मोटर, आणि चालू झाला की शेजारच्याला फोनवर बोलता येत नाही. महाराज चोरून हवा सोडतात असा अर्थ सगळ्यांनी घेतला. गणपतरावांच्या मागं माणसं हॉलवर गेली. मीही गेलो.

महाराजांनी दारं उघडून दिली. "तपासा. सत्याला कुलूप नसतं."

गणपतराव गादीखाली वाकले, व्यासपीठाखाली आडवे झाले, गच्चीवर जाऊन पाण्याची टाकी वाजवून आले. कोपऱ्यातलं भगवं कापड उदयसिंहानं स्वतः उचललं. खाली चपटे डबे एकावर एक, बटणं, बारीक दिवे.

"ह्ये काय?" एका डब्यावर हात ठेवत गणपतरावांनी विचारलं.

"साउंडचं, मालक."

"मग ऱ्हाऊ दे." हात झटकत गणपतराव बाहेर आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "कॉम्प्रेसर न्हाय. जन्म गेला माझा कॉम्प्रेसरपाशी. पाइप न्हाय, टाकी न्हाय. मॅडमचं चुकलं."

ते खरं बोलत होते. मघाशी त्यांनी ज्याच्यावर हात ठेवला होता तोच कॉम्प्रेसर होता, हेही तितकंच खरं.

त्या दिवसापासून महाराजांचा चमत्कार तपासून पास झालेला चमत्कार झाला. अशा चमत्काराची मला जास्त भीती वाटते.

इथं पुन्हा अडवतो. पुढचा एक परिच्छेद मुद्दाम सपाट लिहितो.

श्रीपाल वारला. दूधवाला आला. आदितीचा पंप परातीत गेला. पंखा कुरकुरला. महाराज गरजले. रिक्षा गेली. एका मुलीला श्वास पुरेना.

मोठी गोष्ट, लहान गोष्ट, सगळ्यांची उंची एक. गणपतरावांनी हात ठेवला तो डबा आवाजाचं हेच करतो. टीव्हीवर जाहिरात किंचाळली की तुम्ही रिमोटनं आवाज कमी करता, मालिकेत कुणी पुटपुटलं की वाढवता. हा डबा म्हणजे तोच रिमोट. त्याचं बोट थकत नाही, आणि त्याला डोकं नाही. वाढवताना तो पुटपुटणं आणि पंखा यांत फरक करत नाही. आवाज दाबतो म्हणून त्याचं नाव कॉम्प्रेसर.

पुढच्या रविवारी महाराजांनी शिफाला निरोप धाडला. जिंकलेल्या माणसाला प्रेक्षक कमी पडत नाहीत, पण हरलेला माणूस समोर हवा असतो.

"या बाईंनाही डोळे आहेत," ते माइकवरून म्हणाले. "बघू द्या."

शिफा कोपऱ्यात गेली. उदयसिंह आडवा आला. "हात लावू नगा मॅडम, शॉक बसंल."

"म्हणूनच विचारते. सगळ्यांचा मिळून आवाज कमी करायचं बटण कुठलं?"

त्यानं दाखवलं. तिनं ते थोडं खाली घेतलं. "डब्यात हात घालण्याआधी हे खाली. नाहीतर एकदम किंचाळतो, कान जातात, स्पीकर जळतो." मग महाराजांना म्हणाली, "बोला ना."

"नास्तिकांनो!" महाराज बोलले. डब्यावरचे, दाब दाखवणारे लाल दिवे भराभर पेटले.

"आता गप्प बसा."

ते गप्प बसले. दिवे एकेक करून विझत गेले आणि पंख्यांची घरघर वर आली. शिफानं पुढं येऊन मनगटावरचं घड्याळ काढून माइकला टेकवलं. हॉलभर हातोडा पडू लागला. टक. टक. टक.

"घड्याळाचं कोण वारलंय?" तिनं विचारलं.

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. गणपतराव उठून डब्यापाशी आले. "ह्यो कॉम्प्रेसर?"

"हा. तुमचा हवा दाबतो, हा आवाज."

"आयला," गणपतराव म्हणाले. आठवडाभर आपण कुणाची साक्ष दिली ते त्यांच्या चेहऱ्यावर चढत गेलं. त्यांनी उदयसिंहाचा दंड धरला. "ह्ये असं लावाय कुणी सांगितलं रं?"

"महाराजच म्हणाले, दाब भरपूर ठेव, रिलीज लांब कर, मेकअप पुरा चढव."

"महाराज मेकअप करत्यात?" एक म्हातारी म्हणाली.

"दाबून बारीक झालेला आवाज शेवटी वर उचलतात, त्या बटणाचं नाव आहे ते, आजी," शिफा म्हणाली. "आणि दाब किती सावकाश सुटायचा ते रिलीज. लांब ठेवलं की श्वास घेतल्यासारखा आवाज फुगत येतो. आवाजवाले याला पंपिंग म्हणतात."

पोरीचा पंप काढून घेणाऱ्याचा पंप हा असा चालू होता.

पण विजयमाला जागची हलली नव्हती. तिनं घड्याळ हातानं बाजूला केलं.

"घड्याळाचं ऱ्हाऊ दे. पंखा तर पंखा. पण ह्यो श्वास कुणाचा, त्ये सांगा."

घड्याळ गेल्यावर स्पीकरमधून पुन्हा तेच येत होतं. सूंऽ आत. सूंऽ बाहेर. शिट्टी. महाराजांनी नुसता हात वर केला. ते काही बोलले नाहीत. बोलले असते तर श्वास दबला असता.

"हे बटण दाबलं की डबा बाजूला पडतो," डब्यापाशी परत जात शिफा म्हणाली. "बायपास."

"म्हंजे पुण्याला जाताना गावात न शिरता?" गणपतराव म्हणाले.

"तसंच." तिनं बटण दाबलं.

स्पीकर रिकामे झाले. घरघर गेली. श्वास गेला.

आणि त्या शांत हॉलात, स्पीकरशिवाय, यंत्राशिवाय, पहिल्या रांगेतून बारीक आवाज येत राहिला. सूंऽ आत. सूंऽ बाहेर. शिट्टी.

आदिती गुडघ्यांवर हात रोवून बसली होती. खांदे कानांपर्यंत वर आले होते. माइक तिच्या तोंडापासून हातभर.

विजयमालानं आधी स्पीकरकडं बघितलं, मग लेकीकडं. इतके रविवार ती डोळे मिटून ऐकत आली होती. पंप गेल्यापासून नवरा दर आठवड्याला जवळ का येत होता, हे तिला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

ती परातीकडं गेली. फुलं बाजूला सारून तिनं पंप शोधला.

"बाई," महाराज म्हणाले, आणि डब्याविना त्यांचा आवाज कसा पातळ होता ते पहिल्यांदाच कळलं, "परातीला हात लावलात तर हिचे वडील जातील."

"त्ये कवाच गेल्यात," विजयमाला म्हणाली. "ही जायला नको."

तिनं पंप हलवला. "सोड श्वास. आता वढ. वढ बाळ. धर. सोड." पुन्हा एकदा. पुन्हा. सगळा हॉल एका मुलीच्या छातीकडं कान लावून बसला होता, आणि या वेळी जे ऐकू येत होतं ते तिथं खरोखर होतं. खांदे हळूहळू खाली आले. शिट्टी बारीक झाली. आम्ही तिला उचलून गाडीत घातलं आणि सरळ छातीच्या डॉक्टरांकडं गेलो. श्वासनाथ महाराज मागच्या दारानं गेले, असं नंतर कळलं.

डब्याचा यात दोष नाही. तसाच एक शाळेतही आहे. यंदाच्या संमेलनात आदिती निवेदन करणार आहे. ती भित्री म्हणून सुरुवातीला पुटपुटते आणि मग ओरडते, तेव्हा शिफानं तो तिच्या माइकला लावला. मी बघत होतो. आधी मुख्य आवाज खाली, उचलायचं बटण शून्यावर. मग आदितीला बोलायला सांगून दाब असा बसवला की ती ओरडली तरच लाल दिवा लागेल, साधं बोलताना नाही. दाब बेताचा, सुटायला ना फार लांब ना फार झटपट. दाबताना जेवढं गेलं तेवढंच परत उचललं, जास्त नाही, कारण जास्त उचललं की आधी पंखा बोलू लागतो आणि मग स्पीकर किंचाळतो. शेवटी मुख्य आवाज हळूहळू वर. आदितीनं स्वतः बायपास दाबून बघितला, परत सोडला, परत दाबला.

"काय ऐकतीस?" मी विचारलं.

"आवाज माझाच हाय का त्ये बघतोय," ती म्हणाली.

एवढंच सांगायचं होतं. कुणी गप्प बसून तुम्हाला मेलेलं माणूस ऐकवत असेल, तर रडण्याआधी विचारा: हा डबा बाजूला केला तर काय उरतं? बटण कुठं आहे ते माहीत नसेल तर माहिती असणाऱ्याला विचारा, आणि शब्द ओळखीचा वाटला म्हणून वस्तू ओळखीची आहे असं धरून चालू नका. डॉक्टरनं दिलेला पंप कुणाच्याही परातीत टाकू नका. आणि शेजारी बसलेल्या लेकराकडं डोळे उघडून बघा. त्याचं ऐकायला स्पीकर लागत नाही.