शिंग बास्सूचं, पाय किड्याचे

मित्रांनो, मी मोरोक्कोतल्या आल्निफ गावची एक जुनी छिन्नी आहे. आधीच सांगून टाकते, स्वभावाने मी मत्सरी आहे.

ट्रकच्या तुटक्या कमानपाट्यातून लोहाराने मला घडवलं आणि बास्सूच्या हातात दिलं. पहिल्याच हिवाळ्यात माझ्या धारेचा एक कोपरा उडाला. मला वाटलं, आता भंगारात जाणार. पण 'ही अजून का ठेवलीस?' असं शेजाऱ्याने हसून विचारल्यावर बास्सू म्हणाला, "दात पडला म्हणून कोणी बायको सोडतं का?" त्या एका वाक्यावर मी तीस वर्षं राबले.

आमच्या डोंगरात पूर्वी समुद्र होता. त्यातले शिंगं असलेले किडे दगड होऊन तिथेच राहिले आहेत. शिकलेली माणसं त्यांना ट्रायलोबाइट म्हणतात. बास्सू दगड फोडायचा, फुटलेली कड जिभेने ओली करायचा आणि काळी रेघ दिसली की गालात हसायचा. किडा त्या रेघेतच असतो. मग फुटलेले तुकडे एकाच फडक्यात बांधायचे, घरी आणून जोडायचे आणि पाठीवरचा दगड कण कण करून उडवायचा. किड्याच्या डोळ्यातलं भिंग न् भिंग मी मोकळं करायची. लोक बास्सूचं कौतुक करायचे, आणि निम्मं माझं आहे असं मी धरून चालायची.

मग त्याची मुलगी इट्टो शहरातून शिकून आली, आणि सोबत माझी सवत घेऊन आली. हवेच्या पंपावर चालणारी, दगड कोरणारी सुई. बारीक, चकचकीत, दिवसभर गुणगुणणारी. मी खिळ्याला टांगलेली, माझ्यावर गंज, आणि ती मऊ कापडात. माझा नुसता जळफळाट झाला.

त्या वसंतात बास्सूने मला एकदा खिळ्यावरून काढलं आणि माझ्याच घावाने एक दगड फोडला. किड्याच्या डोक्याकडचा छोटा तुकडा वेगळा निघाला. इट्टो म्हणाली, "बाबा, इतक्यात चिकटवू नका. मला खालून बघायचंय."

"खालून? किड्याचं पोट कोण बघतं, पोरी? गिऱ्हाईक पाठ बघतं."

"म्हणूनच आजवर पोटाकडचा दगड आपण फेकत आलो."

छोटा तुकडा फडक्यातच राहिला. मोठ्या तुकड्यावर सुई पंधरा दिवस गुणगुणली, आणि पोटाखालून केसासारखे बारीक पाय निघाले, ओळीने, फणीच्या दातांसारखे. तीस वर्षांत मी असे किती पाय उडवून फेकले असतील, मित्रांनो? तेव्हा मला तो विचार शिवलाही नाही. हे सुईला सापडलं, मला नाही, एवढंच सलत होतं.

शहरातल्या संग्रहालयातून गिझ्लान नावाच्या डॉक्टरीणबाई दगड बघायला आल्या; माणसांच्या नव्हे, दगडातल्या किड्यांच्या डॉक्टर. चहा झाला. भिंगातून त्यांनी पाय एकेक करून मोजले. मग भिंग पुढे सरकलं आणि एका शिंगावर थांबलं.

"बास्सूकाका, हे शिंग लुकणाचं आहे."

बास्सूने आदल्या दिवशीच ते बसवलं होतं, दगडाची काळी भुकटी डिंकात कालवून. "पाहुणीसमोर मोडकी वस्तू कशी ठेवायची?" तो पुटपुटला.

"शिंग तुम्ही केलंत. मग पायही केले नाहीत कशावरून? मला हे नेता येणार नाही."

इट्टोचा चेहरा उतरला. तिचं दोन वर्षांचं शिक्षण आणि पंधरा दिवसांची नजर त्या एका शिंगाने बुडवली होती. आणि मी? खोटं कशाला बोलू, मी मनात म्हणाले, बरं झालं.

तेवढ्यात बास्सू उठला. खिळ्यावरून मला काढलं, अंगठ्याने माझा गंज पुसला. किती दिवसांनी तो हात लागला होता. मला वाटलं, आता सुईला दाखवते. त्याने मला शिंगाच्या मुळाशी टेकवलं आणि हातोडीचा एकच ठोका दिला. शिंग टेबलाखाली जाऊन पडलं.

"हे माझं होतं," तो म्हणाला. "बाकी सगळं किड्याचं. इट्टो, फडकं आण."

फडक्यातल्या छोट्या तुकड्याला कोणीच हात लावला नव्हता. डॉक्टरीणबाईंनी तो मोठ्याला लावून पाहिला. पुढच्या दोन पायांची टोकं त्या तुकड्यात, दगडात रुतलेली होती आणि भेगेवर अचूक जुळत होती. माझ्या पडक्या दाताचा ओरखडाही एका तुकड्यातून दुसऱ्यात सलग गेला होता. "न कोरलेल्या दगडाच्या आतले पाय कोणाला करता येत नाहीत," बाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "इट्टो, गाडीतून कापूस आण. आपण दोघी मिळून बांधू."

आता तो किडा शहरात काचेखाली आहे, आणि मासिकात त्याचं छायाचित्र आलं आहे. छायाचित्रात शेजारी कोण, तर सुई. माझा मत्सर अजून गेलेला नाही, आणि जाईलसं वाटत नाही. पण आता आम्ही एकाच कापडात निजतो, आणि महिन्यातून एकदा बास्सू मला तेलाचं बोट लावतो. तुमच्या घरच्या जुन्या हत्यारालाही लावत जा, मित्रांनो. आणि मोडलेलं काही असेल तर ते मोडलेलंच दाखवा.

कोणी ते छायाचित्र बघायला आलं की इट्टो प्रत्येकाला आधी शिंग नसलेली ती जागा दाखवते. तिथे माझ्या पडक्या दाताची खूण आहे.